चित्रकार्डांची पाठ

चांदूर या नांवाचीं दोन गांवें आमच्या एकाच अमरावती जिल्ह्यांत आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरें आमचें चांदूर रेल्वे. मुंबईचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. त्या मार्गावरचें स्टेशन म्हणून आमच्या गांवाला ‘रेल्वे’ हें उपपद चिकटलें. पत्ता लिहितांना पुष्कळजण तें गाळतात, आणि मग पत्र आधीं बाजार पाहून नंतर आमच्याकडे येतें. आमच्या घरच्या चित्रकार्डांच्या संग्रहांत अशीं फिरून आलेलीं अकरा कार्डें आहेत. त्यांवर दोन्ही चांदुरांचे शिक्के आहेत, आणि जाणते लोक सांगतात कीं, असल्या जादा शिक्क्यानें कार्डाची किंमत उणी न होतां वाढते. तेव्हां ज्यांनीं अर्धवट पत्ते लिहिले त्यांचे आम्ही ऋणीच आहों!

हा संग्रह आमच्या आजोबांनीं सुरू केला. ते शाळामास्तर, भूगोल हा त्यांचा विषय. १९२७ च्या सुमारास वर्गांत दाखविण्याकरितां म्हणून त्यांनीं माथेरान, महाबळेश्वर व निलगिरी येथील कांहीं कार्डें घेतलीं. पुढें शाळा सुटली, छंद सुटला नाहीं. त्यांचा नियम मात्र कडक होता. संग्रहांत यावें तें डोंगर, अरण्य, धबधबा किंवा सरोवर एवढ्याचेंच चित्र. देवादिकांचीं चित्रें देवघरांत असावींत, राजेरजवाड्यांचीं इतिहासाच्या पुस्तकांत, आणि नटींचीं कोठेंच नसावींत, असें ते म्हणत. ह्या नियमापायीं केवढें धन दारावरून परत गेलें असेल ह्याची कल्पना आज येते. रविवर्म्यांच्या छापखान्याचीं आणि चित्रकार धुरंधर यांच्या हातचीं कार्डें आज संग्राहक दिवा घेऊन शोधतात. ओमर खान यांनीं तर ह्या जुन्या हिंदी कार्डांवर २०१८ सालीं एक भलामोठा सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. आजोबांनीं तसलीं कार्डें पाहिलीं असतील, वाखाणलीं असतील, आणि ‘यांत झाड कोठें आहे?’ म्हणून परत केलीं असतील. तरीहि नियम हवा असेंच आमचें मत आहे. नियम नसला कीं संग्रहाची अडगळ होण्यास वेळ लागत नाहीं, आणि अडगळीचा निकाल घरांतील बायका एका दिवाळींत लावतात.

प्रत्येक कार्ड ते एका चोपडींत नोंदवीत. तांबड्या शाईनें आंखलेले रकाने : अनुक्रम, स्थळ, छापणारा, कोणाकडून मिळालें, तारीख. ह्या चोपडींत चिखलदऱ्याच्या नांवावर अवघीं चार कार्डें आहेत. वऱ्हाडांतील वाचकांस ह्याचा विषाद वाटेल. आपलें चिखलदरा सुमारें ३६०० फूट उंचीवर. भीमानें कीचकाला ज्या दरींत लोटलें ती दरी तेथली. गाविलगडासारखा, १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीच्या फौजेनें घेतलेला, किल्ला शेजारीं. आणि कार्डें चार! परंतु कार्ड हें गिऱ्हाइकाच्या पाठीमागें जातें. माथेरानास १९०७ सालीं छोटी आगगाडी चढली, मुंबईचे दुकानदार हाकेच्या अंतरावर होते, म्हणून माथेरानच्या एकेका टोकाचीं दहा-दहा कार्डें निघालीं. चिखलदऱ्यास जावयाचें म्हणजे परतवाड्यापर्यंत कसेंबसें पोंचून मग घांट चढावयाचा. तेथें कार्ड विकत घेणारा कोण? आमच्या चारांपैकीं दोन तर छापीलच नाहींत. फोटोच्या जाड कागदाच्या पाठीवर पत्त्याच्या रेघा आधींच छापून मिळत. कोणीं हौशी गृहस्थानें त्यावर आपलाच फोटो उतरविलेला आहे. अमरावतीहून आमच्या गांवाकडे येतांना पोहऱ्याचें रान लागतें. त्याचें तर एकहि कार्ड आम्हांस आजवर आढळलें नाहीं.

छापील कोणतें व फोटो कोणता हें ओळखण्यास भिंग पुरे. छापील चित्रांत बारीक ठिपके दिसतात. खऱ्या फोटोंत ठिपका नसतो, आणि जुना झाला कीं त्याच्या काळ्या भागावर चांदीसारखी झांक येते. कार्डाचें वय मात्र पाठीवरून ठरतें. साधें पोस्टकार्ड पहिल्यानें ऑस्ट्रियांत १ ऑक्टोबर १८६९ रोजीं निघालें. आपल्या देशांत तें १ जुलै १८७९ रोजीं आलें, किंमत पाव आणा. चित्राचीं कार्डें आलीं तेव्हां पाठीवर केवळ पत्ता लिहिण्याची मुभा होती, मजकूर नाहीं. म्हणून त्या काळचे लोक चित्राच्या कडेनें, आकाशांत, पाण्यांत, मिळेल त्या जागेंत मुंगीच्या पायांसारखें बारीक लिहीत. पाठीच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता ही सोय इंग्लंडांत १९०२ सालीं झाली, आणि अमेरिकेंत १ मार्च १९०७ रोजीं. योगायोग असा कीं, जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान जें यलोस्टोन, त्याचा कायदाहि १ मार्चचाच, सन १८७२ चा. ह्या अमेरिकेचें नांव आमच्या चोपडींत कसें आलें तें आतां सांगावयाचें आहे.

आमचे धाकटे काका १९६४ सालीं शिक्षणासाठीं तिकडे गेले. मुक्काम इलिनॉय प्रांतांत. वडिलांचा छंद त्यांस ठाऊक होता. म्हणून सुटींत एखादें उद्यान पाहून आले कीं ते तेथील कार्ड पाठवीत, आणि तेंहि नवें नव्हे. जुन्या वस्तूंच्या दुकानांत खोक्यांत पडलेलीं, कोरीं राहिलेलीं, तीस-चाळीस वर्षांपूर्वींचीं कार्डें ते थोड्या सेंटांत घेत, त्यांच्या पाठीवर पत्र लिहीत आणि वर ताजें तिकीट लावून टपालांत टाकीत. तिकडे दोन प्रकारचीं उद्यानें आहेत : मध्यवर्ती सरकारनें राखलेलीं ‘राष्ट्रीय’ व एकेका घटक राज्यानें राखलेलीं ‘राज्य’ उद्यानें. योसेमिटीची दरी १८६४ सालीं लिंकननें कॅलिफोर्निया राज्याच्या हवालीं केली आणि १८९० सालीं तिच्या भोंवतीं राष्ट्रीय उद्यान झालें; नायगाऱ्याचें राज्य-उद्यान १८८५ चें. काकांच्या जवळचें ‘स्टार्व्ह्ड रॉक’, म्हणजे ‘उपासमारीचा खडक’, हेंहि राज्य-उद्यानच. ह्या नांवाचें कार्ड नेमकें एकादशीस येऊन पोंचल्यामुळें घरांत झालेली हंशा आम्हांस चांगली आठवते.

त्या कार्डांचे रंग हा एक स्वतंत्र विषय आहे. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीनें १९३१ च्या सुमारापासून कापडासारखी वीण उठविलेल्या कागदावर कार्डें छापलीं. तीं बोटांना खरखरीत लागतात, आणि त्यांवरचें आकाश असें निळें असतें कीं तसें आमच्या वऱ्हाडांत पोळ्याच्या दिवशींहि दिसत नाहीं. त्याहून जुनीं डेट्रॉइटच्या कंपनीचीं. १८७१ सालीं सरकारी मोजणीदारांबरोबर जाऊन यलोस्टोनचे फोटो घेणारा विल्यम हेन्री जॅक्सन पुढें ह्याच कंपनींत आला. फोटो काळापांढरा, त्यावर रंग दगडी छापानें चढविलेले, आणि तो चढविणाऱ्या कारागिरानें ती जागा डोळ्यांनीं पाहिलेली असेच असें नाहीं. म्हणून एकाच उष्णोदकाच्या कुंडाचीं आमच्याजवळ दोन कार्डें आहेत. एकांत पाणी हिरवें आणि दुसऱ्यांत जांभळें. काकांनीं त्यावर लिहिलें आहे : ‘दोन्ही खोटीं. खरें पाणी यांहून चांगलें आहे.’

आपल्याकडे पहिलें राष्ट्रीय उद्यान १९३६ सालीं झालें. हेली नांवाच्या गव्हर्नराचें नांव तेव्हां त्यास दिलें होतें. पुढें कॉर्बेट यांच्या मृत्यूनंतर त्यांचें दिलें. आपलें ताडोबा १९५५ चें. तेव्हां विदर्भ मध्यप्रदेशांत होता. मेळघाट १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पांतील पहिल्या नऊ अरण्यांपैकीं एक. आजोबांच्या संग्रहांत मेलेल्या वाघाच्या मानेवर बूट ठेवून उभ्या असलेल्या साहेबाचें एक कार्ड आहे; झाडें आहेत म्हणून तें नियमांत बसलें असावें. शिकार कायद्यानें बंद केली ती १९७२ सालीं. घरांतील मुलांना हें कार्ड दाखविलें कीं तीं प्रथम साहेबाकडे पाहतच नाहींत, वाघ किती मोठा होता तें पाहतात.

एक गोष्ट मात्र हीं कार्डें सांगत नाहींत. देशी असो कीं परदेशी, ह्या सर्व अरण्यांत माणूस जवळजवळ नाहीं; असलाच तर तो प्रवासी. यलोस्टोनच्या पठारावर राहणाऱ्या शोशोनी लोकांना १८७९ च्या सुमारास तेथून हलविण्यांत आलें, आणि त्यानंतरच्या चित्रांत तें रान जन्मापासून निर्मनुष्य होतें असें वाटतें. आमच्या मेळघाटांतले कोरकूहि चिखलदऱ्याच्या चार कार्डांत कोठें नाहींत. बोरी, कोहा, कुंड हीं गांवें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं अरण्याच्या गाभ्यांतून उठवून बाहेर वसविलीं गेलीं. वाघाला जागा हवी हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या गांवांचें कोणी कार्ड काढलें नव्हतें, एवढी टीप आम्हीं चोपडींत आपल्या हातानें घातली आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. आजोबांच्या चोपडींत अमरिकेहून आलेल्या कार्डांच्या नोंदी १९६८ च्या मार्चपर्यंत आहेत. शेवटची नोंद ग्रँड कॅन्यनची. त्या वर्षीं काकांनीं तिकडील एका मुलीशीं विवाह केला. आजोबांनीं कोणासहि कांहीं न बोलतां चोपडी मिटली, आणि धाकट्याचें नांव घरांत काढूं नये असा दंडक झाला. तो काळ, तें गांव व त्यांचें वय लक्षांत घेऊनहि आम्हांस तो निर्णय कठोरच वाटतो. १९७४ सालीं आजोबा वारले. त्यानंतर काकांचें येणें-जाणें सुरू झालें, आणि मधल्या सहा वर्षांविषयीं कोणी बोललें नाहीं. काकांस जाऊनहि आतां वीस वर्षें होऊन गेलीं.

गेल्या वर्षीं आमचा जुना वाडा विकावयाचें ठरलें. तीन घरांच्या वाटण्या. भांडीं, पाट, झोपाळा, पितळी समया यांची वांटणी एका दुपारांत झाली. अडलें तें ह्या संग्रहापाशीं. कार्डें सातशें अठरा. सारखीं तीन भागांत वाटावींत, असें एकाचें म्हणणें. विकून पैसे वाटावेत, असें दुसऱ्याचें. आणि त्यानें पुण्याहून एका व्यापाऱ्यास बोलावलेंहि. हे गृहस्थ सभ्य होते आणि आपल्या कामांत वाकबगार. त्यांनीं एकेक कार्ड उलटून पाहिलें, हिंदी कार्डांना चांगला दर सांगितला आणि काकांचीं अमेरिकन कार्डें बाजूस सारून म्हणाले, ‘हीं कोरीं असतीं तर दुप्पट दिले असते. जुन्या कार्डावर नवी शाई, नवें तिकीट. आमच्या गिऱ्हाइकाला हें चालत नाहीं.’

मोठ्या काकू पलंगावर बसून हें ऐकत होत्या. वय पंच्याऐंशी. त्या उठल्या, आपली माहेरची पत्र्याची पेटी ओढून आणविली आणि तींतून हातरुमालांत बांधलेली एक चळत काढली. एक्केचाळीस कार्डें. योसेमिटी, ग्लेशियर, पुन्हां यलोस्टोन, नायगारा, आणि स्टार्व्ह्ड रॉक तर चार वेळां. तारखा १९६८ ते १९७४. सर्वांवर शिक्का धामणगांवचा. धामणगांव हें काकूंचें माहेर, आमच्या पुढचें स्टेशन. त्या सहा वर्षांत काका आपलीं कार्डें काकूंच्या बंधूंच्या पत्त्यावर पाठवीत, आणि संक्रांत-दिवाळीस काकू माहेरीं गेल्या कीं घेऊन येत. मायना सर्वांवर एकच : ‘ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.’ काकू ह्या घरांत आल्या तेव्हां काका शाळेंत होते. त्यांचा डबा त्यांनीं सहा वर्षें भरला होता. आजोबांना हें ठाऊक होतें कीं नाहीं, हें आम्हीं काकूंस विचारलें नाहीं.

त्यांनीं एवढेंच सांगितलें : ‘चित्रें हवीं तेवढीं पाहा. पाठ माझी आहे.’

त्या दिवशीं व्यापारी चहा घेऊन परत गेले. विकण्याचा विषय कोणीं पुन्हां काढला नाहीं. आणि वांटणीचाहि नाहीं, कारण जो तो आपल्या भागांत नेमकीं कोणतीं कार्डें येतील ह्या विचारांत पडला. शेवटीं संग्रह अखंड ठेवून आमच्याकडे द्यावा, व सर्व चित्रांच्या हुबेहूब प्रती काढून तिन्ही घरांत द्याव्यात असें ठरलें. गोंदानें चिकटविलेलीं जुनीं पानें सोडवून आम्हीं एकेक कार्ड स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटांत घातलें. बाजारांत मिळणारीं मऊ, वास येणारीं प्लॅस्टिकचीं पाकिटें शाई ओढून घेतात, तीं वापरूं नयेत. कसर ही दुसरी वैरीण; तिला कांजीचा गोंद फार आवडतो. उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढें जातो, तेव्हां पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट ठेवूं नये, हें वऱ्हाडांत सांगण्याची गरज नाहीं.

एवढ्यानें प्रकरण मिटलें असतें. परंतु प्रती काढल्याचें वर्तमान अमेरिकेस काकांच्या कन्येच्या कानीं गेलें. तिनें लिहिलें कीं, वडिलांचें मराठी अक्षर तिच्याजवळ एक ओळहि नाहीं. तिला मराठी वाचतां येत नाहीं, तरीहि पाठींच्या प्रती मिळाव्यात. आतां हा पेंच पाहा. पत्र कोणाचें? कागद ज्याला पत्र आलें त्याचा. आंतला मजकूर प्रसिद्ध करण्याचा हक्क लिहिणाराचा, आणि आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या वारसांचा. म्हणजे पेटींतला कागद काकूंचा आणि त्यावरचीं वाक्यें अमेरिकेंतल्या मुलीचीं! घरांतील वकील मंडळींनीं ह्यावर दोन संध्याकाळ घालविल्या. धाकट्या पिढीचें मत पडलें कीं, मुलीचा हक्क मोठा. बापाचें अक्षर तिनें पाहूं नये काय? वडील पिढीचें मत पडलें कीं, दिरानें वहिनीस विश्वासानें लिहिलें, तेव्हां तें तिनें आपण होऊन दिलें तरच द्यावें. आम्ही मोठ्यांच्या बाजूचे होतों, अजूनहि आहों. मात्र त्या मुलीचें पत्र वाचल्यावर आपली बाजू मांडतांना आमचा आवाज पूर्वींसारखा चढत नाहीं, हेंहि खरें.

काकूंनीं दोन्ही पक्ष ऐकून घेतले, आठ दिवस जाऊं दिले, आणि मग आपणच तोड काढली. प्रती देणार नाहीं, वाचून दाखवीन.

तेव्हांपासून दर रविवारीं सकाळीं, तिकडे शनिवारची रात्र असतांना, मोबाइलच्या पडद्यावर ती मुलगी येते. मुलगी म्हणावयाची, तीहि आतां पन्नाशीच्या पुढें आहे. आमची पुतणी काकूंच्या शेजारीं बसून वाक्यावाक्याचा अर्थ इंग्रजींत सांगते. काकू आधीं कार्डाचें चित्र पडद्यासमोर धरतात, मग तें उलटें करून आजोबांचें जुनें भिंग डोळ्याला लावतात आणि वाचूं लागतात. मायनाहि गाळीत नाहींत; ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ हें पूर्ण म्हणतात, आणि त्याचें भाषांतर करतांना पुतणीची त्रेधा उडते. कार्ड लहान, मजकूर दहा-बारा ओळींचा. खोलीचें भाडें, बर्फ, तुरीची डाळ कोठें मिळते, सून कुंकू लावून पाहते पण पुसून टाकते, मुलगी झाली, तिचें नांव आईच्या नांवावरून ठेवलें पण हें आईला सांगूं नये. ह्या कार्डाच्या वेळीं पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं.

कांहीं ओळी काकू वगळतात. भिंग एका जागीं थबकतें, मग एकदम दोन ओळी खालीं उतरतें, त्यावरून आम्हांस तें कळतें. पुतणी एकदां वांकून पाहूं लागली तेव्हां काकूंनीं कार्ड उपडें केलें आणि चित्रांतला धबधबा तिला दाखविला.

गेल्या रविवारीं सव्विसावें कार्ड झालें : ग्लेशियर, १९७१ चा ऑगस्ट. काकू आठवड्याला एकच वाचतात. दोन वाचा असा आग्रह झाला, तो त्यांनीं मानला नाहीं. अजून पंधरा उरलीं आहेत.